भांडावं कोणाशी?

मे महिन्यात दुपारी बाराच्या पुढे परतवाड्यातले मोबाईल संपावर जातात. आधी पडदा अंधुक होतो, मग कॅमेरा उघडत नाही, आणि शेवटी एक सभ्य सूचना येते की तापमान फार वाढलं आहे, फोन थंड होऊ द्या. ॲपल कंपनी तर लिहूनच ठेवते की आपला फोन 0 ते 35 अंश सेल्सियसमध्ये वापरावा. वऱ्हाडात मे महिन्यातले 35 अंश म्हणजे सकाळचे साडेनऊ-दहा. तिथून रात्रीची जेवणं होईपर्यंत आम्ही सगळे कंपनीच्या नियमाबाहेर जगत असतो. लाकूड डेपोत सागाच्या ओंडक्यांची थप्पी लावणाऱ्या मजुरांच्या कपाळावर अशी सूचना उमटायची सोय नाही.

फोनची ही नाजूक प्रकृती मी एकवेळ समजून घेतो. पण मे गेला, मृग बरसला, पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली, तरी त्याचं आणि आमचं जमत नाही, ते काहून?

काचेपासून सुरुवात करू. आपण बोट टेकवतो ती काच दाब ओळखत नाही. तिच्याखाली इंडियम आणि कथिल यांच्या ऑक्साइडचा एक पारदर्शक थर असतो आणि त्यावर विजेचा बारीकसा भार खेळवलेला असतो. बोट टेकलं की त्यातला कणभर भार बोटाकडे ओढला जातो आणि फोनला कळतं, इथं कोणीतरी आहे. कातडी मऊ, थोडी ओलसर असली की हे सहज होतं. कोरडी, जाड, घट्टे पडलेली असली की अडतं. उलट घामाचा थेंब पडला तर फोन त्यालाच बोट समजतो आणि भलतंच काहीतरी उघडून बसतो. या तऱ्हेचा पहिला स्पर्शपडदा इंग्लंडात मालव्हर्नच्या सरकारी रडार संशोधन केंद्रात ई. ए. जॉन्सन यांनी 1965 मध्ये मांडला, तो विमानांची ये-जा सांभाळणाऱ्या नियंत्रकांसाठी. म्हणजे सावलीत, खुर्चीत बसलेल्या, हात धुऊन आलेल्या माणसांसाठी. साठ वर्षांत हा पडदा खिशात मावेल एवढा झाला, पण त्याच्या मनातला माणूस अजून त्याच खुर्चीत बसलेला आहे.

आमच्या धुऱ्याशेजारचे काका त्या खुर्चीत कधी बसलेले नाहीत. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या कडेला पऱ्हाटीच्या बोंडांनी वर्षानुवर्षं पाडलेल्या भेगा आहेत, आणि त्या भेगांत काळ्या मातीची रेघ अशी बसली आहे की साबणाने जात नाही. मागे ऑगस्टात ते आपला टचचा फोन घेऊन आमच्या संत्र्याच्या बागेत आले. ई-पीक पाहणी करायची होती, म्हणून मी त्यांच्यासोबत त्यांच्या वावरात गेलो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ही रीत सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपवर चढवायचा. फोन आकाशातल्या उपग्रहांना विचारून ठरवतो की तुम्ही खरंच आपल्या गटात उभे आहात की घरी बसून शेजाऱ्याच्या तुरीचा फोटो काढताय. ही नोंद नसली की पुढे पीकविमा आणि नुकसानभरपाई अडते, त्यामुळे टाळूनही चालत नाही.

काका फोनवर बोट टेकवत नाहीत, ढोसतात. एकदा ढोसलं, दोनदा ढोसलं, नखाने टकटक केली. ॲप ढिम्म. मग त्यांनी नोटा मोजताना लावतात तसा अंगठा जिभेला लावला आणि पुन्हा टेकवला, तेव्हा कुठे फोनला काका दिसले. गाव निवडलं, खाते क्रमांक निवडला, गट निवडला. फोटो काढला. लाल अक्षरं आली.

"काय म्हन्ते?" काकांनी विचारलं.

"म्हणते, तुम्ही निवडलेल्या गटापासून दूर आहात."

काकांनी पायाखाली पाहिलं. मग धुऱ्याकडे पाहिलं, धुऱ्यावरच्या कडुनिंबाकडे पाहिलं. "मंग मी कोनाच्या वावरात उभा हावो?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणजे तांत्रिक उत्तर होतं. ढगाळ आभाळ, झाडाची दाट फांदी, स्वस्तातल्या फोनचा कमजोर जीपीएस, यांतलं काहीही असू शकतं आणि फोन आपल्याला काही मीटर पलीकडे ढकलतो. पण ज्या माणसाच्या आज्याने हा धुरा घातला त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आम्ही कडुनिंबापासून लांब गेलो, वावराच्या मध्यात गेलो, चिखलात गुडघे भरवून घेतले. चौथ्या ठिकाणी फोनने मान्य केलं की वावर काकांचंच आहे. मग म्हणाला, सर्व्हरशी संपर्क होत नाही. शेवटी ती नोंद संध्याकाळी परतवाड्याच्या एसटी स्टँडासमोर, चहाच्या टपरीवर, टॉवर पूर्ण असताना चढली.

आधी सगळं सरळ होतं असं मी म्हणणार नाही. सातबाऱ्यातला बारा म्हणजे गाव नमुना 12, पिकांची नोंद. ती नोंद तलाठी कशी करायचे ते सगळ्या गावाला माहीत होतं. वावर न पाहता, कचेरीत बसून, मागच्या वर्षीचं पाहून. ज्याच्या बागेत संत्री लगडलेली त्याच्या नावावर कपाशी, आणि ज्याचं वावर पडीत त्याला गहू. पण काका त्यांच्या दारात जाऊन ओरडू शकत होते. "साहेब, माह्या वावरात संत्रा हाय, तुमी पऱ्हाटी काहून लिवली?" साहेब चिडायचे, काका त्याहून चिडायचे, कोतवाल मधे पाण्याचा गिलास आणून ठेवायचा, आणि तासाभरात खाडाखोड होऊन बारा दुरुस्त व्हायचा. आता तलाठ्याचं नावही बदललं आहे, ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. तावातावाने जावं तर तेच आपला मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात, "माझ्याकडेही तेच येऊन राहिलं, बघा."

मला स्मार्टफोनचा खरा जाच इथं दिसतो. तापणं, अडकणं, हँग मारणं यांचं एवढं काही नाही. बिघडलेल्या यंत्राला परतवाड्यातला माणूस भीत नाही, तो स्प्रेपंपाला तारेने बांधून पाच वर्षं चालवतो. जाच हा की ज्या ज्या खिडकीसमोर आपण रांग लावायचो ती प्रत्येक खिडकी या काचेत येऊन बसली, फक्त पलीकडचा माणूस आला नाही. अर्ज भरणारा मी, तो तपासणारा मी, त्यात चूक काढणारा मी, आणि "उद्या या" म्हणून माझ्यावर खेकसणाराही मीच. भांडण हे आपल्याकडे अर्धं काम होतं. गळा काढल्याशिवाय फाइल हलायची नाही हे खरं, पण गळा काढला की हलायची हेही खरं.

अचलपूरहून मूर्तिजापूरला जायची ती शकुंतला रेल्वे आठवून पाहा. तिच्या रुळांची मालकी देश स्वतंत्र झाल्यावरही सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी नावाच्या खाजगी कंपनीकडे राहिली. इतक्या लांबच्या मालकाशी कोण भांडणार? पण गाडीला गार्ड होता. स्टेशनांवर तिकीट द्यायला माणूस नसायचा, म्हणून गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा. उशीर झाला की त्यालाच ऐकून घ्यावं लागे, आणि तोही ऐकवायचा. मग झेंडी दाखवून गाडी सोडायचा आणि भांडण पुढच्या स्टेशनापर्यंत चालू राहायचं.

आता कस्टमर केअर. एकदा माझे रिचार्जचे पैसे खात्यातून गेले आणि रिचार्ज झालंच नाही. कंपनीचं नाव कशाला घ्या, सगळ्या एकाच माळेच्या. बराच वेळ संगीत ऐकल्यावर मला चॅटवर जायला सांगितलं. तिथं लगेच उत्तर आलं, "आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल आम्ही क्षमस्व आहोत." मी अजून काहीच बोललो नव्हतो. वऱ्हाडी माणूस दोन शब्द मनात जुळवून आलेला असतो, आणि समोरचा तोंड उघडायच्या आत माफी मागतो, तीही न ऐकता. माझं भांडण तिथंच मेलं. पुढे तक्रार क्रमांक मिळाला, आणि रात्री संदेश आला की आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल.

बोलून लिहावं म्हटलं तर तिथंही पंचाईत. ऑगस्ट 2017 मध्ये गूगलने मराठीत बोलून लिहायची सोय आणली, तिचं मी तेव्हा मनापासून स्वागत केलं. पण तिला शिकवणारे लोक वऱ्हाडात कधी आलेले नसावेत. मी "काहून" म्हणतो, फोन "कानून" लिहितो. घरच्या ग्रुपवर मी मुलीला साधा प्रश्न विचारला आणि तिला वाटलं बाबा कोर्टात गेले. मुलीला बोलून लिहिताना मी आता पुणेरी धाटणीने बोलतो, फोनसाठी. मेळघाटातून परतवाड्याच्या बाजाराला येणारे कोरकू लोक कोणत्या भाषेत बोलत असतील त्याच्याशी? त्यांची भाषा मराठीच्या कुळातलीही नाही, ती मुंडा कुळातली. त्यांना तर फोनशी परक्या भाषेतच नातं जोडावं लागतं.

मुलगी पुण्यात असते आणि घरचे सगळे ऑनलाइन फॉर्म तीच भरते. फॉर्म तिच्याकडे, ओटीपी माझ्याकडे. म्हणून ओटीपी आला की मी तिला फोन लावायचा. मध्यंतरी काही महिने कोणताही फोन लावला की आधी सायबर फसवणुकीचा सरकारी इशारा वाजायचा, अमिताभ बच्चन यांच्या आवाजात. अनोळखी माणसाला ओटीपी देऊ नका वगैरे. तो संपेपर्यंत थांबायचं, मग मुलीला ओटीपी सांगायचा. तोवर मुदत संपलेली असायची. नवा ओटीपी मागवायचा, पुन्हा फोन, पुन्हा इशारा. इशारा चुकीचा होता असं कोण म्हणेल? परतवाड्यातही लोक बुडाले आहेत, आणि 1930 हा तक्रारीचा नंबर घरोघरी पाठ असायला हवा. पण ज्या घरात एक फोन आणि चार माणसं, ज्या घरातलं शिकलेलं पोर चारशे-पाचशे किलोमीटरवर, त्या घरात ओटीपी कोणाला सांगायचाच नाही हे कसं जमावं? ही सगळी मांडामांड एक माणूस, एक फोन, एक नंबर असं धरून केलेली आहे. आमच्याकडे अजून चूल एक असते आणि नंबरही एकच.

नोव्हेंबरात आईचा हयातीचा दाखला असतो. बाबा वनखात्यात होते, त्यांच्या मागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, आणि दरवर्षी आपण जिवंत आहोत हे कळवावं लागतं. 2014 पासून 'जीवन प्रमाण' नावाची डिजिटल सोय झाली. आधी त्यासाठी बोटाचा ठसा लागायचा, पण भांडी घासून आणि शेणाने सारवून झिजलेल्या बोटांना ठसे कुठून राहणार? 2021 मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली, आणि मी आईला सांगितलं, आता घरबसल्या होईल. आईला 78 वर्षं. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. तिला खिडकीपाशी, उजेडाकडे तोंड करून बसवलं. पडद्यावर एक गोल येतो, त्यात चेहरा बसवायचा. तो हिरवा झाला की जमलं.

"आई, डोळे मिचकाव."

"काहून?"

"तू जिवंत आहेस हे त्याला कळलं पाहिजे."

"म्या बोलून राह्यली ना!"

आईच्या या मुद्द्याचं खंडन मला करता आलं नाही. डोळे मिचकवायला लावण्याचं कारण मला ठाऊक होतं. कोणी मेलेल्या माणसाचा फोटो समोर धरून पेन्शन उचलू नये म्हणून ही परीक्षा. पण आई एकतर टक लावून बघत राहायची, नाहीतर डोळे मिटायची आणि मिटूनच बसायची, देवासमोर बसावं तशी. डोक्यावरचा पदर पुढे यायचा. गोल पिवळा व्हायचा, लाल व्हायचा, वेळ संपायची. मी चिडत चाललो होतो, आणि चिडायला समोर आईच होती, जिचा काडीचाही दोष नव्हता. शेवटी शेजारची बी.कॉम.ची पोट्टी आली. ती माझ्या पाठीमागे उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, माह्याकडे पाह्य, अन् डोळा मार मले." आई अशी हसली की हसता हसता डोळे आपोआप मिटले, उघडले, आणि गोल हिरवा झाला.

"झालं?" आईने विचारलं. "वर्षभर जित्ती?"

आधी आम्ही बँकेत जायचो. तिथल्या साहेबांनी तिला पाहिलं की ते म्हणायचे, "या काकू, बसा," आणि कागदावर सही करायचे. आई जिवंत आहे याची त्यांना खात्री पटायला तेवढं पुरायचं. गुडघ्यांच्या दृष्टीने घरचं बरं, हे आईही कबूल करते. बँकेच्या बाकावर तिला बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांच्या बायका भेटायच्या, आणि कोण राहिलं, कोण गेलं याची गणती तिथं व्हायची. ती गणती आता कुठेच होत नाही.

बाकीच्या कटकटी झटपट सांगून टाकतो, कारण त्या सगळ्यांच्याच आहेत. मोबाईल कंपन्यांच्या पंचांगात महिना 28 दिवसांचा असतो, म्हणून वर्षाला रिचार्ज 13 वेळा मारावं लागतं. अधिक महिना आपल्याकडेही येतो, पण तो तीन वर्षांतून एकदा, आणि त्यात जावयाला अनारसे तरी मिळतात. 2022 च्या जानेवारीत ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक पॅक पूर्ण 30 दिवसांचा ठेवायला लावला. दुकानदार तो आपणहून कधी सांगत नाही. आणि सुप्रभात! गुलाब, चहाचा कप, विठोबा, आणि खाली एखादं वचन, ज्याने ते म्हटलं नाही त्याच्या नावावर. स्टोरेज फुल. गूगलने डिसेंबर 2017 मध्ये 'फाइल्स गो' नावाचं साफसफाईचं ॲप काढलं, आणि भारतातले फोन या शुभेच्छांनी तुंबतात हे पाहून त्या हुडकून पुसायची सोय त्यात घातली. मी रोज पुसतो. पाठवणाऱ्यांच्या प्रेमाविषयी शंका नाही, तरीही पुसतो आणि मला काही वाटत नाही.

एक मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते "मी सहमत आहे". दर पंधरा दिवसांनी कोणतं ना कोणतं ॲप आपल्या अटी बदलतं आणि मी न वाचता सहमत होतो. आमच्या या टापूत सह्यांचा इतिहास मोठा आहे. 15 डिसेंबर 1803 ला वर सातपुड्यात गाविलगड पडला आणि 17 तारखेला देवगावचा तह झाला. नागपूरकर भोसल्यांच्या वकिलाने सही केली आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला, तो निजामाच्या पदरात पडला. त्या वकिलाला निदान ठाऊक होतं, काय जातं आहे ते. समोर इंग्रजांचा वेलस्ली बसलेला होता, दोन शब्द इकडचे-तिकडचे करून घेता येत होते, एखादा किल्ला मागून घेता येत होता. मी ज्या तहावर रोज अंगठा टेकवतो त्यात माझ्या फोटोंचं, नंबरांचं, येण्याजाण्याचं काय जातं ते मला माहीत नाही, आणि "असहमत" दाबलं तर ॲप उघडतच नाही. तहाची बोलणी करायला वकील पाठवावा तर कोणाकडे?

परतवाड्याहून धारणीचा रस्ता धरला की बिहालीच्या पुढे घाट सुरू होतो आणि रेंजच्या दांड्या एकेक करून गळतात. घटांग, सेमाडोह. शहरातून आलेले पर्यटक सांगतात, काय शांत वाटतं हो इथं, फोनच नाही. त्यांना शांतता दोन दिवस पुरते. ज्या घरातल्या बाईला रात्री बाळंतकळा सुरू झाल्या आणि 108 ची गाडी बोलवायची आहे, त्या घराने या शांततेचं काय करावं? फोनचा जाच आणि फोन नसण्याचा जाच यांत निवड करायची झाली तर मी पहिलाच निवडीन, आणि मेळघाटातला कोणीही तेच करील.

याच रस्त्यावर हरिसाल आहे. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मदतीने हे देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. जाहिराती झाल्या. 2019 च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी "लाव रे तो व्हिडिओ" म्हणत त्याच हरिसालची उलटी बाजू पडद्यावर दाखवली, आणि जाहिरातीत लाभार्थी म्हणून झळकलेल्या तरुणालाच व्यासपीठावर उभं केलं. सत्ताधाऱ्यांनी आपली बाजू मांडली, विरोधकांनी आपली. राजकारण त्यांचं त्यांना लखलाभ. मला मौज वाटते ती ही की हरिसालला नेट नाही हे सांगणारा व्हिडिओ उभ्या महाराष्ट्राने नेटवर पाहिला, आणि खुद्द हरिसालला तो किती जणांच्या फोनवर उघडला असेल ते तिथल्या टॉवरलाच ठाऊक.

समोर माणूस असला की काय होतं त्याचा एक दाखला 12 एप्रिल 2025 चा. शनिवार, हनुमान जयंती, आणि देशभर यूपीआय बंद पडलेलं. मी रसवंतीत उसाचा रस पिऊन बसलो होतो. खिशात पाकीट नाही, फोनवर नुसतं चक्र फिरतंय, आणि दुकानातला तो पैसे आल्याची दवंडी पिटणारा डबा मुका. दहा-बारा गिऱ्हाइकं फोन वर धरून उभी. रसवंतीवाल्याने घुंगरू लावलेला चरक थांबवला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "उद्या द्या ना भाऊ, पळून चालले का तुमी?" सारं आटोपलं.

सगळेच मुकाट सोसतात असंही नाही. 2019 मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारने मोबाईल दिले, मुलांची वजनं, उंची, आहार यांच्या नोंदी करायला. फोन तापायचे, हँग व्हायचे, ॲप त्यांच्यात मावायचं नाही. वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या तुटपुंज्या मानधनावर पडू लागला. वर नवं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. तक्रार कोणाकडे करायची? ॲपमधून करायची तर ॲप उघडायला हवं. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरच्या सेविकांनी साधी गोष्ट केली. ते फोन पिशव्यांत भरले, कचेऱ्यांवर मोर्चे नेले आणि साहेबांच्या टेबलांवर फोन परत नेऊन ठेवले. टेबलामागे जिवंत अधिकारी होता आणि त्याला उत्तर द्यावं लागलं. प्रकरण पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. स्मार्टफोनशी कसं भांडावं हे या बायांइतकं कोणाला सुचलं असेल असं मला वाटत नाही.

माझ्यासारख्या एकट्यादुकट्याला मोर्चा काढता येत नाही. माझी भांडायची जागा म्हणजे मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दहा बाय आठचा गाळा, टेबलावर निळी रबरी चटई, चिमटे, गरम हवेचं पिस्तूल आणि कंदिलाएवढ्या भिंगामागे वाकलेलं एक पोट्टं. त्याच्याकडे काचा फुटलेले, पाण्यात पडलेले, बॅटरी फुगलेले फोन येतात, आणि त्यांच्यामागून ज्यांना ॲप उघडत नाही अशी माणसं येतात. कोणाचं 'लाडकी बहीण' योजनेचं काम, कोणाचा पीकविमा. तो कधी पैसे घेतो, कधी नुसताच डाफरतो. डाफरला तरी बरं वाटतं. परवा माझा फोन हातातून निसटून फरशीवर पालथा पडला, तेव्हा मी त्याच्याकडेच गेलो.

"काका, डिस्प्लेचं फोल्डर गेलं."

"किती?"

"ओरिजिनल 2,800, कॉपी 1,400."

"1,400? काच हाय का सोनं?"

"मंग अमरावतीले जा ना. तिथं 1,800 घेतात अन् दोन दिवस ठेवून घेतात."

"मागच्या टायमाले तू कॉपीच टाकली होती. सहा महिन्यांत टच गेला."

"टच गेला का तुमी पाडला?"

"पाडला नाही, पडला."

"अन् चार्जिंगची पिन फुकटात बदलून देल्ली होती, ते नाही आठवत काका तुमाले?"

"देल्ली, पण कव्हरचे 150 लावले होते!"

बाकावर बसलेल्या एका बाईने माझी बाजू घेतली, तिच्या शेजारच्या माणसाने त्याची घेतली. कंपन्यांवरून बोलणं सरकारवर गेलं, सरकारवरून संत्र्याच्या भावावर. पोट्ट्याने तेवढ्यात माझा फोन उघडलाही होता. 1,200 वर तुटलं.

"सातले या."

"सातला नक्की देशील?"

"आठले या मंग."

"आत्ताच नऊ म्हण ना लेका, म्हंजे मी जेवूनच येतो."